त्याचा ओके आणि साहेबांचा ओके

(पत्र बरंच मोठं होतं म्हणून थोडक्यात देतेय, आणि ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.)

पत्र लिहिणाऱ्या बाई पंचेचाळिशीच्या पुढच्या, एकाच ऑफिसात बारा-तेरा वर्षं नोकरी. मुलगा शिकायला बाहेर राहतो, दोन वर्षं होत आली. तो आईच्या प्रत्येक मेसेजला 'ओके' एवढंच उत्तर पाठवतो, आणि कधीकधी तर नुसता 'के'. "ताई, मी दहा ओळी लिहिते, त्यात तब्येतीचं विचारते, परीक्षेचं विचारते, पैसे पोचले का ते विचारते, आणि उत्तर काय तर ओके. कशाला ओके? रात्री मी त्या दोन अक्षरांकडे बघत बसते. तो इथे होता तोवर आमच्यात सगळं ओके होतं हो." हे चालू असतानाच ऑफिसात एक प्रकार घडला. क्लायंटला द्यायचं कोटेशन बाईंनी तयार करून साहेबांना पाठवलं, साहेबांचा 'ओके' आला, बाईंनी ते क्लायंटला मेल करून टाकलं. दुसऱ्या दिवशी साहेब सगळ्यांसमोर म्हणाले की मी तर अजून फाइल उघडलीसुद्धा नव्हती, ओके म्हणजे मिळालं असं म्हटलं होतं, एवढं साधं इंग्रजी कळत नाही का तुम्हाला. "ते वाक्य डोक्यातून जातच नाही. मी मराठी माध्यमातली, माझं इंग्रजी ओके-ओकेच आहे हे मलाही माहितीये, पण चारचौघांत..." बाईंचे प्रश्न असे: ओकेचा खरा अर्थ कोणता? या वयात इंग्रजीचा क्लास लावू का? आणि मुलाला स्पष्ट सांगून टाकू का की आईशी बोलताना हा शब्द वापरायचा नाही? पत्राच्या शेवटी लिहिलंय, "मी तशी ओके आहे, काळजी करू नका. तुम्ही सांगाल ते ओके." आणि खाली एक ता.क. आहे, त्याकडे नंतर येते.

---

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल घेतली. मुलाचे आणि साहेबांचे ओके सोडून तुम्ही स्वतः हा शब्द किती वेळा वापरलाय ते बघत होते. चार वेळा! 'सगळं ओके होतं' म्हणजे सुरळीत होतं. 'इंग्रजी ओके-ओके' म्हणजे बेताचं, काम भागेल इतपत. 'मी ओके आहे' म्हणजे मला काही झालेलं नाही (हे मला फारसं पटलेलं नाही, पण असू दे). आणि 'सांगाल ते ओके' म्हणजे मान्य, चालेल. एका पत्रात एका शब्दाचे चार अर्थ, आणि चारही ठिकाणी वाचताना मी कुठेही अडखळले नाही, मला लगेच कळलं तुम्हाला काय म्हणायचंय ते. ज्या बाईला ओके कळत नाही असं तिचे साहेब म्हणतात, ती हा शब्द इतक्या सफाईने वापरते, म्हणजे गडबड इंग्रजी कळण्यात नाहीये, दुसरीकडेच कुठेतरी आहे.

तर क्लासचा प्रश्न आधी निकालात काढू. तुम्हाला इंग्रजी शिकायची हौस असेल तर जरूर शिका, वयाचं काही मनात आणू नका, पण या एका वाक्यासाठी क्लास लावणार असाल तर नका लावू. जगातल्या कुठल्याही क्लासमध्ये हे शिकवत नाहीत आणि शिकवताही येणार नाही, कारण साहेबांनी वापरलेला अर्थ आणि तुम्ही घेतलेला अर्थ हे दोन्ही अर्थ बरोबर आहेत. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांच्या ऑफिसांमध्ये पण हाच घोळ होतो.

आता 'खरा अर्थ' या प्रश्नाकडे येते, कारण माझ्या मते सगळं दुखणं तिथे आहे. तुम्ही धरून चाललाय की या शब्दाचा एक पक्का अर्थ कुठल्यातरी डिक्शनरीत लिहिलेला आहे, तो शिकलेल्या लोकांना माहिती असतो आणि आपण मागे राहिलो. पण या शब्दाची जन्मकथा ऐकलीत तर तुमची भीड निम्मी कमी होईल. हा शब्द छापील स्वरूपात पहिल्यांदा सापडतो तो 23 मार्च 1839 ला, अमेरिकेतल्या बोस्टन शहरातल्या 'बोस्टन मॉर्निंग पोस्ट' या वर्तमानपत्रात, आणि तोही चेष्टेत. त्या काळात तिथल्या पेपरवाल्यांना एक खूळ लागलं होतं, मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करायचं आणि मग त्या चुकीच्या स्पेलिंगची आद्याक्षरं वापरायची. 'ऑल करेक्ट' म्हणजे सगळं बरोबर, याचं त्यांनी 'ओल कोरेक्ट' केलं, ओ आणि के घालून, आणि झाला ओ.के. म्हणजे बघा ना, 'सगळं बरोबर आहे' असं सांगणाऱ्या शब्दाची दोन्ही अक्षरं चुकीची आहेत, ए पाहिजे तिथे ओ आणि सी पाहिजे तिथे के! 'ऑल राइट'साठी ओ. डब्ल्यू. असलेही प्रकार तेव्हा चालायचे, ते सगळे मेले, हा एकटा टिकला. आणि त्यांच्या पुढे आपण इंग्रजी कच्चं म्हणून मान खाली घालतो.

टिकला तो का, तर पुढच्याच वर्षी म्हणजे 1840 ला अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक होती. मार्टिन व्हॅन ब्युरेन हे पुन्हा उभे होते, ते किंडरहूक नावाच्या गावचे, म्हणून त्यांना 'ओल्ड किंडरहूक' म्हणायचे, त्याचीही आद्याक्षरं ओ. के. समर्थकांनी त्या नावाने क्लब काढले, विरोधकांनी त्याच अक्षरांची टिंगल केली, व्हॅन ब्युरेन हरले पण शब्द घरोघरी पोचला. (हे सगळं जुने पेपर चाळून शोधून काढलं ॲलन वॉकर रीड नावाच्या प्राध्यापकांनी, 1960 च्या दशकात. तोवर लोक वाट्टेल त्या कथा सांगायचे, आणि व्हॉट्सॲपवर अजूनही फिरतात, त्यातली एखादी तुम्हालाही आली असेल.)

पण तुमच्या कामाचा भाग याच्या पुढे आहे. हा शब्द पुढे दोन वेगवेगळ्या टेबलांवर जाऊन बसला. एक टेबल कारकुनाचं. कागद तपासायचा आणि बरोबर असला की त्यावर ओके लिहायचं, म्हणजे बघितलं, पास. दुसरं टेबल तारेवाल्याचं. तारयंत्रावर एकेक अक्षर खटखट करून पाठवायचं असतं, तिथे आखूड शब्दाला फार किंमत, त्यामुळे 'तुझा संदेश नीट मिळाला' हे कळवायला दोन अक्षरी ओके फारच सोयीचा पडला. तारेवाला संदेश मिळाला म्हणतो, संदेशात लिहिलेलं त्याला पटलं का याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

तुम्ही कागद पाठवला म्हणून तुम्ही कारकुनाचा ओके वाचलात. साहेबांनी मोबाईलवर मेसेज आलेला बघितला आणि तारेवाल्याचा ओके टाकला. दोघांचंही इंग्रजी ठीक, फक्त टेबलं वेगळी.

मग चूक कोणाची? तुम्हाला हा प्रश्न थेट विचारायचा धीर झाला नाही असं दिसतं, पण पत्रभर तोच आहे. माझं म्हणणं, शब्दाच्या बाबतीत चूक दोघांची थोडी थोडी आहे. कोटेशनसारखी गोष्ट, ज्यात आकडे असतात आणि एकदा क्लायंटकडे गेली की परत घेता येत नाही, ती दोन अक्षरांच्या भरवशावर पाठवायला नको होती, हे तुम्ही मान्य करा. आणि कोटेशन हातात आल्यावर न उघडता ओके टाकणं हे साहेबांनी करायला नको होतं. चारचौघांत इंग्रजी काढणं ही मात्र पूर्ण त्यांचीच चूक, त्यात तुमचा वाटा शून्य. ते वाक्य तुम्हाला लागलं ते बरोबरच लागलं. पण त्यांनी सांगितलेलं कारण तेवढं खरं मानू नका, अडचणीत सापडलेला माणूस समोरच्याचं जे दुखरं असेल त्यावर बोट ठेवतो.

न वाचता ओके म्हणायची सवय मात्र त्यांना एकट्याला नाही, आपल्या सगळ्यांनाच आहे, आणि ती लावली कोणी तर कॉम्प्युटरने. स्क्रीनवर चौकट येते, खाली ओकेचं बटन, आपण वर काय लिहिलंय ते वाचतो का कधी? त्या बटनाचाही एक किस्सा आहे. ॲपल कंपनीचे लोक लिसा नावाचा कॉम्प्युटर बनवत होते, 1980 च्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट, तेव्हा त्या बटनावर आधी 'डू इट' लिहिलं होतं, म्हणजे कर. नवख्या लोकांना वापरायला बसवलं तर एक जण चिडला, म्हणाला हे मला 'डोल्ट' काय म्हणतंय? डोल्ट म्हणजे मठ्ठ. दोन शब्दांमधली जागा कमी होती आणि त्या अक्षरांच्या वळणात कॅपिटल आय आणि स्मॉल एल सारखेच दिसतात, त्यामुळे डू इटचं डोल्ट झालं. मग ते काढून तिथे ओके लिहिलं. तेव्हापासून आपण दिवसात कितीदा ते बटन दाबतो आणि दाबताना आपल्या मनात होकार असतो का? फक्त समोरची चौकट जाऊ दे एवढंच असतं. साहेबांचा ओके मला त्या जातीचा वाटतो, बटन दाबल्यासारखा, नोटिफिकेशन जाऊ दे एकदाचं.

जिथे असा ओके परवडत नाही तिथे लोकांनी काय केलंय ते सांगते, कारण तेच आपल्याला उचलायचंय. विमानाचे पायलट आणि खालून त्यांच्याशी बोलणारे कंट्रोलर, यांनी रेडिओवर बोलायचे शब्द ठरवून घेतलेत. 'रॉजर' म्हणजे तुमचं बोलणं पूर्ण ऐकू आलं, बस्स, हो पण नाही आणि नाही पण नाही. 'विल्को' म्हणजे कळलं आणि त्याप्रमाणे करतो. 'अफर्म' म्हणजे होय. आपण ज्या तीन गोष्टी एका ओकेत कोंबतो त्याला त्यांच्याकडे तीन शब्द आहेत. आणि महत्त्वाची सूचना असली, किती उंचीवर जायचं, कुठल्या धावपट्टीवर उतरायचं, तर यातला कुठलाच शब्द पुरत नाही, पायलटने ती सूचना स्वतःच्या तोंडाने परत म्हणून दाखवायची आणि कंट्रोलरने ती बरोबर आहे का ते ऐकायचं असा नियमच आहे.

ऑफिसात तुम्ही हेच करा. साहेबांचा ओके आला की त्याचा अर्थ लावत बसू नका, तुम्हाला काय समजलं ते परत लिहून पाठवा. "म्हणजे कोटेशन तुम्ही बघितलंय आणि मी आज चार वाजता क्लायंटला पाठवतेय, बरोबर ना?" यात आगाऊपणा काही नाही. पहिल्या दोन-तीन वेळेला साहेब वैतागतील कदाचित, वैतागू देत. त्याहून चांगलं म्हणजे मुळात प्रश्नच असा विचारायचा की ओके हे उत्तर बसणारच नाही. "कोटेशन पाठवलंय, बघून घ्या" याला ओके येणारच, दुसरं काय येणार? "हे आजच पाठवू की तुमचं बघून होईपर्यंत थांबू?" याला कोणी ओके म्हणालं तर ते हास्यास्पद दिसतं, माणसाला लिहावंच लागतं, पाठव किंवा थांब. एक मात्र करू नका. काही लोक लिहितात की पाचपर्यंत तुमचं उत्तर आलं नाही तर मी होकार समजेन. मीटिंगची वेळ ठरवायला वगैरे ठीक आहे ते, पण जिथे आकडे आणि सही आहे तिथे गप्प बसण्याला होकार समजायचं नाही, नाहीतर उद्या पुन्हा तुम्हीच सापडाल.

आणि झालेल्या प्रकाराबद्दल साहेबांशी एकदा बोला, एकट्याने, दोन मिनिटं. इंग्रजीचा विषय काढूच नका. एवढंच म्हणा, "त्या दिवशी तुमचा ओके मी मंजुरी समजले. यापुढे मंजुरी असेल तेव्हा तुम्ही 'पाठवा' असं लिहाल का, म्हणजे माझा गोंधळ होणार नाही." आपल्याकडे 'पाठवा' हा इतका सरळ शब्द पडलेला असताना आपण ओकेच्या मागे का लागलोय देव जाणे. ते हो म्हणाले तर उत्तमच. हो न म्हणता पुन्हा ओकेच म्हणाले तर... तर मग वर सांगितलंय तसं परत लिहून पाठवत राहा.

आता मुलाकडे येते. इथे जरा सावकाश.

तुम्ही धरून चाललाय की आखूड उत्तर म्हणजे आटलेली माया. शक्यता आहे, नाही असं मी म्हणणार नाही, मी त्याला ओळखत नाही. पण मला तुमच्या मेसेजबद्दल बोलायचंय. तुम्ही एक मेसेज मला नमुना म्हणून उतरवून पाठवलाय ना, त्यात तब्येत, परीक्षा, पैसे, झोप, मित्राचं काय झालं, आणि शेवटी 'काळजी घे रे बाळा', असे पाच प्रश्न आणि एक आज्ञा आहे. तो ओके पाच प्रश्नांना नाहीये हो, तो शेवटच्या वाक्याला आहे. काळजी घे, ओके. माणूस मोठा मेसेज वाचतो आणि शेवट जिथे होतो तिथे उत्तर देतो, बाकीचं मागे राहतं. प्रत्यक्ष बोलताना तुम्ही पाच प्रश्न एका दमात विचारता का? एक विचारता, तो काहीतरी पुटपुटतो, त्यावर दुसरा सुचतो. तर एका मेसेजात एकच प्रश्न. आणि प्रश्न बारका असू दे. "अभ्यास कसा चाललाय" याला ओके हे अगदी फिट्ट बसणारं उत्तर आहे, खरं सांगते. "तो दोनदा परत आलेला प्रोजेक्ट शेवटी सरांनी घेतला का?" याला 'हो' किंवा 'नाही' तरी येईल, आणि 'नाही' आलं की त्यामागे कहाणी येते.

आणि तुम्हाला नक्की काय हवंय तेही ठरवा. पैसे पोचले का ही माहिती झाली. ती मेसेजवर मिळते, आणि त्याला ओके आला तर पोचले समजा आणि विसरा. पण 'तो मला विसरला नाही ना' हे तुम्हाला हवंय, ते मेसेजवर विचारता येत नाही, आणि विचारलंत तरी त्याचंही उत्तर ओकेच येईल! त्यासाठी फोन, आवाज. आवाजात ओकेचे दहा प्रकार ऐकू येतात. आपल्या 'बरं' सारखंच आहे ते. 'बरं.' म्हणजे कळलं, 'बरं?' म्हणजे मग पुढे काय झालं, 'बऽऽरं' म्हणजे बघून घेईन तुला, 'बरं बरं' म्हणजे पुरे आता, 'बरं का' म्हणजे नीट ऐक. कोणी नुसतं 'बरं' असं लिहून पाठवलं तर यातलं कुठलं ते तुम्ही छातीठोक सांगू शकाल? आपण बरं वापरायला कधी शिकलो नाही, आणि कोणी म्हटलंही नाही की बरंचा खरा अर्थ सांगा. ओके हा तसा शब्द आहे, सूर काढून घेतला की पोकळ. मुलगा 'ओक्के' असा जोर देऊन म्हणायचा ना घरी? तो जोर त्या दोन अक्षरांत येत नाही.

लिहिताना सूर नसतो म्हणून आपण तो भलत्या गोष्टींमध्ये शोधतो. अमेरिकेतल्या बिंगहॅमटन विद्यापीठात 126 विद्यार्थ्यांवर एक छोटा प्रयोग झाला होता, 2015 च्या शेवटी तो प्रसिद्ध झाला. 'ओके', 'शुअर' असली एका शब्दाची उत्तरं त्यांना दाखवली, काही पूर्णविराम देऊन आणि काही न देता. मोबाईलच्या मेसेजमध्ये पूर्णविराम असलेलं उत्तर त्यांना कमी मनापासूनचं वाटलं, आणि गंमत म्हणजे तेच उत्तर हाताने चिठ्ठीवर लिहिलेलं असलं की असा फरक पडला नाही. म्हणजे एका टिंबावरून माणसं दुसऱ्याचं मन वाचायला बसतात, आणि तुम्ही रात्री तेच करताय. उलटी बाजूही बघा, तुम्ही जुन्या सवयीने प्रत्येक वाक्याला नीट पूर्णविराम देता (पत्रात दिसलं), तर कोणास ठाऊक, तोच तिकडे बसून म्हणत असेल की आई हल्ली तुटक लिहायला लागलीये.

या बाबतीत मी पण धुतल्या तांदळाची नाही. काही वर्षांपूर्वी एका मैत्रिणीने रात्री साडेअकराला मोठा मेसेज केला, नवरा-बायको वेगळे होतायत, ठरलं. मी वाचलं, मला धक्का बसला, आणि आत्ता फोन करावा की सकाळी अशा विचारात मी 'ओके' टाइप करून पाठवला. मला म्हणायचं होतं वाचलंय गं, आहे मी. फोन केलाच नाही, झोप लागली. तिने तो स्क्रीनशॉट काढून ठेवला होता, वर्षभराने दाखवला, तिचा मोबाईलची स्क्रीन भरून मेसेज आणि खाली माझं ते एवढंसं. मला माझ्या ओकेत जे दिसत होतं त्यातलं तिला काहीही दिसलं नव्हतं. तेव्हापासून कोणी काही जड लिहिलं तर मी ओके लिहीत नाही, 'वाचलं, अजून काय बोलू सुचत नाहीये' असं लिहिते. थोडं बावळट दिसतं, दिसू दे.

म्हणून मुलाला हा शब्द वापरू नको असं सांगायच्या मी विरोधात आहे. बंदी घातलीत तर तो ओकेच्या जागी अंगठा पाठवेल, आणि मग तुम्ही मला अंगठ्याचा अर्थ विचाराल. शिवाय त्याच्या त्या ओकेचं एक काम आहे, ते तुम्ही जमेत धरत नाही आहात. समुद्रात खोल बुडी मारणारे डायव्हर असतात, पाण्याखाली बोलता येत नाही म्हणून हाताच्या खुणा. अंगठा वर केला तर त्याचा अर्थ छान असा होत नाही, त्याचा अर्थ वर चला, म्हणून ठीक आहे सांगायला ते अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करतात. ही खूण प्रश्नही असते आणि उत्तरही. एकाने गोल दाखवला की ठीक आहेस का, दुसऱ्याने गोल दाखवला की ठीक आहे, आणि समोरून गोल परत आला नाही तर काहीतरी बिनसलंय असं धरून लगेच जवळ जायचं. किती मासे दिसले, भीती वाटली का, हे खाली कोणी कोणाला सांगत नाही, ते वर बोटीत आल्यावर. तुमचा मुलगा दोन वर्षांत एकदाही तुमच्या मेसेजला उत्तर न देता राहिलेला नाही, हे तुम्हीच लिहिलंय आणि तक्रारीच्या सुरात लिहिलंय. रोज गोल परत येतोय. तेवढ्यापुरता तो घ्या आणि बाकीचं बोटीसाठी ठेवा, म्हणजे आठवड्यातला एक फोन ठरवून घ्या, त्याच्या सोयीच्या वेळेला, आणि त्या फोनवर मेसेजचा विषय काढू नका. "तू फक्त ओके पाठवतोस" या वाक्याने सुरू झालेला फोन फार वेळ चालत नाही, अनुभवाने सांगते.

मात्र एक फरक डोळ्यांत तेल घालून बघा, आणि हे इतर आईवडलांसाठी पण लिहितेय. पहिल्यापासून आखूड लिहिणारा मुलगा आखूडच लिहितोय तर तो त्याचा स्वभाव. पण भरभरून लिहिणारा माणूस एकदम ओकेवर आला, फोनवरही तसाच, सुट्टीत घरी आल्यावरही तसाच, तर तिथे शब्दाचा अर्थ शोधत बसू नका, जाऊन भेटा. तुमच्या मुलाबद्दल तुम्ही लिहिलंय की फोनवर तो अर्धा अर्धा तास बोलतो, म्हणून मला फारशी काळजी वाटली नाही.

आणि तुम्ही? 'मी तशी ओके आहे' हे तुम्ही मला लिहिलंत त्यातला 'तशी' मी वाचलाय. साहेबांच्या त्या वाक्याबद्दल घरी कोणाला सांगितलंत का? मुलाला सांगितलंत का? त्यालाही गेली दोन वर्षं तुमच्याकडून 'इकडे सगळं ओके' एवढंच जात असेल तर त्याच्याकडून वेगळं काय येणार. या आठवड्याच्या फोनवर त्याला कोटेशनचा किस्सा सांगून बघा, कारकून आणि तारेवाल्यासकट सांगा, तो हसेल.

आता तुमचा ता.क. तुम्ही विचारलंय की इंग्रजीत नुसती दोन कॅपिटल अक्षरं लिहायची की ते चार अक्षरी स्पेलिंग, साहेबांना मेल करताना कुठलं बरोबर. दोन्ही बरोबर आहेत. दोन अक्षरी जुनं, चार अक्षरी नंतर आलं, अमेरिकेतली मोठी वृत्तसंस्था असोसिएटेड प्रेस आपल्या लोकांना दोन अक्षरीच वापरा म्हणते, आणि कथा-कादंबऱ्यांमध्ये चार अक्षरी बरंच दिसतं कारण संवादात दोन कॅपिटल अक्षरं ओरडल्यासारखी दिसतात. मधले टिंब हल्ली कोणी देत नाही. एका मेलमध्ये एकच पद्धत ठेवा म्हणजे झालं, आणि नुसता 'के' साहेबांना पाठवू नका, तो मुलासाठी राहू दे.